पैसे भरून प्रदूषण करण्याची मुभा?

प्रश्न : कारखान्याच्या धुरावर किंवा सांडपाण्यावर शुल्क आकारणे म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला प्रदूषणाचा परवाना विकणे नव्हे काय? त्यापेक्षा सरकारने मर्यादा ठरवून द्यावी आणि ती मोडणाऱ्याला शिक्षा करावी, असे मला वाटते. आमच्या अभ्यासगटातील अर्थशास्त्राचे विद्यार्थी मात्र म्हणतात की नियम कागदावरच राहतात आणि खिशाला चाट बसल्याखेरीज कोणी सुधारत नाही. देशाच्या पर्यावरण धोरणाचा पाया कायदा असावा की अर्थकारण?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यापूर्वी दंड आणि शुल्क यांतील फरक पाहावा लागेल. दंड मर्यादा ओलांडल्याबद्दल होतो. शुल्क मात्र मर्यादेच्या आत राहूनही बाहेर सोडलेल्या प्रत्येक किलोवर द्यावे लागते. नुसतीच मर्यादा घातली, तर तिच्या काठाशी येऊन थांबलेल्या कारखान्याला आणखी सुधारण्याचे कारण उरत नाही, आणि उरलेल्या धुराचा खर्च, म्हणजे लोकांची आजारपणे आणि बुडालेली पिके, भलत्यांच्याच माथी पडतो. हा खर्च ज्याचा त्याच्या हिशेबात यावा म्हणून कर लावावा, हा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, हे तत्त्व आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९७२ मध्ये स्वीकारले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेतील १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातही त्याला स्थान मिळाले.

तरीही प्रत्येक गोष्टीला भाव लावता येत नाही, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. त्या नुकसानीचा योग्य दर ठरवत बसणे मला अनुचित वाटते. शिसेयुक्त पेट्रोलच्या बाबतीत काही युरोपीय देशांनी आधी शिसेविरहित पेट्रोलवरील कर कमी ठेवून लोकांना तिकडे वळवले खरे, परंतु शेवट बंदीनेच झाला, आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवल्यावर ते जगभरातील पंपांवरून हद्दपार झाले.

शुल्क म्हणजे परवाना विकणे, या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर मला स्वीडनमध्ये सापडते. तेथे १९९२ पासून मोठ्या बॉयलरमधून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर दर किलोला ४० क्रोना (स्वीडनचे चलन) शुल्क बसले. जमा झालेली जवळजवळ सगळी रक्कम त्याच कारखान्यांना परत मिळत असे, मात्र ती त्यांनी किती उपयुक्त ऊर्जा निर्माण केली त्या प्रमाणात. त्यामुळे कमी धुरात जास्त ऊर्जा देणाऱ्याच्या पदरात पैसे पडत आणि उलट असणाऱ्याच्या खिशातून जात. हे शुल्क भरायचे, तर धुराड्यात किती वायू निघतो ते सतत मोजणारे यंत्र बसवणे ओघानेच आले. बॉयलरमध्ये हवा आणि उष्णता वाढली की हा वायू वाढतो. हवा फार कमी केली तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तोपर्यंत हा तोल अंदाजाने सांभाळला जाई. आता बॉयलर चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आकडा होता, आणि ज्वलनात थोडे फेरफार करून पाहिल्यावर तो खाली येताना त्याला दिसे. पहिल्या काही वर्षांतच प्रत्येक एकक ऊर्जेमागील उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटले, आणि यातील बराचसा फरक महागडी यंत्रसामग्री न बसवता पडला. कोणत्या बॉयलरमध्ये काय करावे, हे कोणत्याही कायद्याला इतक्या बारकाईने सांगता आले नसते.

मात्र हे शुल्क कायद्याच्या जागी आलेले नव्हते. प्रत्येक कारखान्याच्या परवान्यातील उत्सर्जनमर्यादा शुल्क आल्यावरही कायम राहिल्या. अमेरिकेतही तसेच घडले. १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घालून तिच्या आत ठरावीक टन वायू सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री करू दिली आणि ती १९९५ पासून अमलात आली. परंतु हवेच्या गुणवत्तेची मानके त्याखाली तशीच होती, म्हणून कितीही परवाने विकत घेतले तरी आसपासच्या वस्तीची हवा मानकापलीकडे बिघडवण्याचा हक्क कोणालाही मिळत नव्हता. शिवाय पुरेसे परवाने नसताना सोडलेल्या प्रत्येक टनामागे २,००० डॉलर दंड होता, आणि परवान्याचा बाजारभाव सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसे. चोरी करणे कोणालाच परवडू नये, अशी ही रचना होती.

मोजमाप कच्चे असेल तर काय होते, ते युरोपीय संघाच्या कार्बन बाजाराने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडण्याच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीने, दाखवून दिले. २००५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा प्रत्यक्ष उत्सर्जनाची पडताळलेली आकडेवारीच हाताशी नव्हती. अंदाजावर परवाने वाटले गेले, आणि तेही बहुतेक फुकट. २००६ च्या वसंत ऋतूत खरे आकडे जाहीर झाले, परवाने गरजेपेक्षा जास्त आहेत हे उघड झाले, आणि भाव कोसळला. २००७ मध्ये तो शून्याच्या जवळ जाऊन टेकला. आपल्या गटातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावे. भाव ठरवण्याआधी मोजणारा, तपासणारा आणि कोणाच्या दबावाला न झुकणारा अधिकारी लागतो, आणि तो कायद्यानेच नेमावा लागतो.

प्रश्न : अशा करातून येणारा पैसा सरकारने पर्यावरणावरच खर्च करावा का?

उत्तर : तसे बंधन आवश्यक नाही, परंतु पैसा कोठे जातो हे लोकांना स्पष्ट दिसले पाहिजे. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर आणला तो प्राप्तिकर कमी करणाऱ्या मोठ्या करसुधारणेचा भाग म्हणून, आणि पुढे त्याचा दर अनेक पटींनी वाढवूनही तो टिकला. फ्रान्समध्ये इंधनावरील कर वाढवण्याचे ठरले तेव्हा रोज दूरवर गाडी चालवत कामाला जाणाऱ्यांना त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे पटवून देणे सरकारला साधले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरात ती वाढ मागे घ्यावी लागली.