खुब्याची वाटी मोडल्यावर शस्त्रक्रिया केली, तर रुग्ण पूर्वीसारखा चालू शकतो का?

तुमच्या चाळिशीतल्या भावाचा खुबा अपघातात निखळला, वाटीची (मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात बसतो त्या खोबणीची) मागची भिंत फुटली, सांधा त्याच रात्री जागेवर बसवला गेला आणि आता प्लेट लावण्याचा सल्ला मिळाला आहे; हे ऑपरेशन टाळता येईल का आणि तो पूर्वीसारखा चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मात्र त्याचा सीटी स्कॅन मी पाहिलेला नाही, तेव्हा हे उत्तर सर्वसाधारण समजावे.

भेग सरकलेली नसेल, ती वाटीच्या वजन पेलणाऱ्या वरच्या भागाबाहेर, म्हणजे छताबाहेर असेल आणि सांधा स्थिर असेल, तर ऑपरेशनविना भागते. मागच्या भिंतीचा तुकडा लहान दिसला, तरी तेवढ्यावरून सांधा स्थिर आहे असे म्हणता येत नाही. शंका असल्यास भूल देऊन, सी-आर्मखाली (ऑपरेशन थिएटरातल्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली) पाय वाकवून सांधा पुन्हा निसटतो का हे पाहावे लागते. निसटत असेल, तर ऑपरेशन टाळणे हिताचे नाही.

मांडीचे हाड मधोमध मोडले आणि किंचित वेडेवाकडे जुळले, तरी पुष्कळदा निभावते. वाटीचे तसे नाही. तिच्या कूर्चेवर, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत अस्तरावर, मांडीच्या हाडाचा गोळा प्रत्येक पावलाला दाबला जातो आणि तिथे तुकड्यांत उंचसखल पायरी राहिली, की सगळा भार थोड्याशा जागेवर येऊन कूर्चा झिजू लागते. १९६४ मध्ये ज्यूडे आणि लेटुर्नेल या फ्रेंच शल्यविशारदांनी या अस्थिभंगांचे पाच साधे आणि पाच संमिश्र प्रकार मांडले, तेव्हापासून कोणत्या मोडणीला कोणत्या बाजूने शिरायचे, याला शिस्त आली. पुढे जोएल माट्टा या अमेरिकी शल्यविशारदांनी दुखापतीनंतर तीन आठवड्यांच्या आत केलेल्या २६२ ऑपरेशनांचे निष्कर्ष १९९६ मध्ये मांडले. त्यांत ७६ टक्के रुग्णांचा सांधा चांगला किंवा उत्तम राहिला होता. त्यांच्या मोजमापात एक मिलिमीटरपर्यंतची तफावत हीच अचूक जुळणी धरली जाते. २०१२ च्या मोठ्या पाहणीत वीस वर्षांनंतरही सुमारे ७९ टक्के खुबे सांधा न बदलता टिकल्याचे दिसले. मात्र जुळणी अचूक नसणे, वय चाळिशीपुढे असणे, गोळ्याच्या कूर्चेला इजा होणे आणि मागच्या भिंतीचा अस्थिभंग असणे, या गोष्टी धोका वाढवणाऱ्या ठरल्या.

वयाबरोबरच शेवटची बाबही तुमच्या भावाला लागू पडते. मागच्या भिंतीची मोडणी एक्स-रेवर सर्वांत सोपी वाटते आणि निकाल मात्र अनेकदा निराश करतो. खुबा निखळताना गोळा कडेच्या कूर्चेचा एखादा तुकडा आतल्या जाळीदार हाडात दाबून, तिरपा करून जातो. ऑपरेशनमध्ये तो तुकडा हळूच उचलून, गोळ्याच्याच गोलाईवर टेकवून बसवावा लागतो, खालची पोकळी बोन ग्राफ्टने (भरावासाठी वापरलेल्या हाडाच्या तुकड्यांनी) भरावी लागते आणि मगच भिंतीचा तुकडा लावून वरून वळवलेली प्लेट बसवता येते. या सगळ्या वेळात गुडघा वाकलेला ठेवतात, म्हणजे शेजारून पायात जाणाऱ्या सायटिक नसेवर (मोठ्या मज्जातंतूवर) ताण येत नाही. हा दबलेला तुकडा तसाच राहिला, तर वरची प्लेट कितीही सुबक दिसली तरी उपयोग नाही. उरलेली फट साध्या एक्स-रेपेक्षा सीटीवर अधिक स्पष्ट कळते, म्हणून ऑपरेशननंतरचा सीटी आवर्जून मागावा, असे माझे मत आहे.

रुग्णाची प्रकृती स्थिर झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेले बरे. तीन आठवड्यांनंतर नवे हाड धरू लागते आणि तुकडे सुटे करणेच अवघड होते. त्याला पाऊल घोट्यातून वर उचलता येते का, हे ऑपरेशनपूर्वीच तपासून नोंदवून घ्यावे. नसेची इजा पुष्कळदा अपघातातच झालेली असते आणि नंतर दोष विनाकारण ऑपरेशनवर येतो. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध दिले जाते. स्नायूंत नको तिथे हाड तयार होणे आणि जंतुसंसर्ग हे इतर धोके आहेत. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर त्याचे परिणाम कित्येक महिन्यांनंतर दिसतात, म्हणून किमान दोन वर्षे तपासणी चुकवू नये.

साधारण आठ ते बारा आठवडे त्याला वॉकर किंवा कुबड्या घेऊन, पाय नुसता टेकवून चालावे लागेल. दुखत नाही म्हणून आधीच भार टाकण्याचा मोह बहुतेक तरुण रुग्णांना होतो, तो आवरायला हवा. सुरुवातीला खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, म्हणजे मांडी घालून किंवा उकिडवे बसणे बंद. चाल आणि ताकद वर्षभर सुधारत राहते. जुळणी नीट झाली, तर रोजचे चालणे, जिना चढणे आणि बैठे काम बहुतेकांना जमते. धावण्याची किंवा अवजड ओझी उचलण्याची हमी मात्र मी देणार नाही. पुढे सांधा झिजलाच, तर तो बदलता येतो. ते ऑपरेशन जुन्या प्लेटा आणि व्रणांमुळे नेहमीच्या सांधेबदलापेक्षा किचकट असते, पण वाटीचे हाड आज नीट जुळलेले असेल, तर तेव्हा नव्या सांध्याला भक्कम आधार मिळतो.