अपघातानंतरचे पहिले तास : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रस्ते अपघातांत जगभरात दर वर्षी सुमारे ११.९ लाख माणसं दगावतात आणि त्यांतले ९२ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. या वेळी आलेल्या पत्रांतून निवडलेले चार प्रश्न.

प्रश्न : आमच्या घाटातल्या गावी १०८ यायला पाऊण तास लागतो. जखमीला जीपमध्ये घालून न्यावं की थांबावं? पायातून भळाभळा रक्त वाहत असेल तर काय बांधावं? शिवाय पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही धास्ती असतेच.

आधी रक्त, मग गाडी. स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवा आणि कोपर ताठ ठेवून अंगाचा भार टाकत सलग दहा मिनिटं दाबा. मध्येच उचलून बघू नका, नुकती धरलेली गुठळी सुटते. जखम खोल असेल तर कापडाची पट्टी बोटाने आत कोंबून मग दाबा. हळद, कॉफी पूड काही नको.

एवढ्यानेही थांबेना, तरच आवळपट्टी. ओढणीची किंवा उपरण्याची दोन इंच रुंद घडी जखमेच्या चार बोटं वर बांधा, सांध्यावर नाही. गाठीत मजबूत काठी किंवा पान्हा अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा, काठी पक्की बांधा आणि वेळ पेनाने रुग्णाच्या अंगावरच लिहा. सुतळी किंवा तार वापरू नका, ती मांसात रुतते. अर्धवट आवळणं सगळ्यात वाईट : शिरा दबतात, धमनी चालूच राहते आणि रक्त उलट जास्त वाहतं. दर पंधरा मिनिटांनी पट्टी सैल करायचा जुना सल्ला अजून फिरतो. तो मनावर घेऊ नका. पट्टी सुटेल ती रुग्णालयातच.

गाडीचं म्हणाल, तर १०८ वर रुग्णवाहिका आत्ता कुठे पोचली आहे ते विचारा आणि वाटेत गाठ घालायचं ठरवा. टेम्पोच्या हौद्यात आडवं न्या. उचलताना एकाने डोकं-मान धरावी, बाकीच्यांनी अंग एकसंध वळवावं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून मात्र नेऊ नका. मान पुढे पडून श्वास कोंडतो. अंगावर घोंगडी घाला, कारण गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. चहा-पाणी देऊ नका.

पोलिसांबद्दल : मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात बघून लगेच ‘पुढे न्या’ म्हणतात. पुढे नेण्याआधी तिथे काय व्हायलाच हवं?

पुढे पाठवणं चूक नाही, रिकाम्या हाताने पाठवणं चूक आहे. श्वासमार्ग मोकळा, रक्त थांबवलेलं, दोन जाड सलाइनच्या सुया (१६ किंवा १८ नंबर) आणि मोडलेल्या हाडाला आधार, एवढं कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होतं. मांडीच्या हाडाला थॉमस स्प्लिंट (पाय ताणून सरळ धरणारी लांब चौकट) लागतो; तो अडगळीच्या खोलीत असतो, पण पट्ट्या हरवलेल्या असतात! सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवू नयेत, त्याने रक्त पातळ होतं आणि गुठळी सुटते. हाड त्वचेबाहेर आलं असेल तर पहिल्या तासात शिरेतून अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला हवं.

आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे धरलेली गुठळी विरघळू न देणारं औषध. १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, मग १ ग्रॅम पुढच्या आठ तासांत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २० हजारांवर जखमी होते. दुखापतीपासून तीन तासांच्या आत हे औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले, त्यानंतर दिलं तर उलट वाढले. औषध स्वस्त आहे, साठवायला फ्रिज लागत नाही. म्हणूनच ‘पुढच्या रुग्णालयात देतील’ ही सबब चालत नाही. तिथे पोचेपर्यंत वेळ टळलेली असते.

नातेवाइकांनी एक आग्रह धरावा : निघण्यापूर्वी डॉक्टरांनी पुढच्या ठिकाणी फोन करून रक्त, सीटी स्कॅन आणि सर्जन आत्ता उपलब्ध आहेत का ते विचारावं. नाहीतर तिसऱ्या रुग्णालयाची वारी ठरलेली. चिठ्ठीवर दुखापतीची वेळ, नाडी, रक्तदाब, शुद्ध आणि दिलेली औषधं वेळेसह हवीत.

खर्चासाठी : केंद्राच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा विनारोकड उपचार मिळतो. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केलं आहे.

प्रश्न : मुलगी झाडावरून पडली, कोपराला सूज आहे. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या, रात्रभर रडतेय.

वाट बघू नका. तिची बोटं हळूच सरळ करून पाहा. तेवढ्यानेही कळ उठली, बोटं गार किंवा मुंग्यांनी बधिर वाटली, तर कामट्या, पट्ट्या, कापूस सगळं त्वचेपर्यंत कापून काढा आणि तातडीने अस्थिरोग डॉक्टरांकडे न्या. सुजेला जागाच मिळाली नाही की आतला रक्तपुरवठा तुटतो आणि सहाएक तासांत स्नायू मरू लागतात. मग हाड जुळतं, पण हात वाकडा आणि निकामी राहतो. हात हृदयाच्या पातळीलाच ठेवा, उंच टांगू नका.

प्रश्न : भाऊ टांझानियात नोकरीला आहे. मांडीचं हाड मोडलं, पायाला वजन टांगून झोपवलंय. सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र) नसल्याने शस्त्रक्रिया होत नाही म्हणतात.

वजन लावून हाड जुळतं, पण सहा ते बारा आठवडे खाट सुटत नाही. बेडसोअर (पडून राहिल्याने दाबाच्या जागी होणाऱ्या जखमा), पायात रक्ताच्या गुठळ्या, आखडलेला गुडघा आणि आखूड पाय हे त्यातले धोके. सी-आर्मशिवायही मार्ग आहे. अमेरिकेतल्या साइन फ्रॅक्चर केअर या संस्थेची (स्थापना १९९९) भरीव पोलादी सळी हाडात बसवतात. तिच्या भोकांची जागा बाहेरच्या मोजमाप-दांडीने आणि हाताच्या स्पर्शाने शोधून स्क्रू घालतात, पडद्यावर बघावं लागत नाही. सळ्या रुग्णालयाला मोफत मिळतात; बदल्यात सर्जनने प्रत्येक शस्त्रक्रियेचे एक्स-रे संस्थेकडे पाठवायचे. दार-ए-सलाममधली मुहिंबिली अस्थिरोग संस्था त्यांच्या जाळ्यात आहे. भावाच्या डॉक्टरांना तिथे विचारायला सांगा, आणि तोवर घोटा वर-खाली हलवणं व टाचेखालची जागा रोज तपासणं चालू ठेवायला सांगा.