महागडं एक मशीन की साधी चार?

प्रश्न : आमच्या संस्थेचं बुकिंगचं सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर चालतं आणि वर्षभरात तो तीनदा बसला. एक विक्रेता म्हणतो फॉल्ट-टॉलरंट मशीन घ्या, आत सगळं डबल असतं, एखादा भाग गेला तरी कुणाला कळणारही नाही. किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. आमची सिस्टीम बघणारा मुलगा म्हणतो तेवढ्यात साधे चार सर्व्हर येतील, एक गेला तर तीन आहेतच. दोघांचंही पटतं. काय करावं?

उत्तर : दोघंही खरंच बोलतायत, फक्त प्रत्येकानं आपल्या सोयीची एक गोष्ट गाळलीय.

पण आधी मला सांगा, तीनदा बसला म्हणजे नक्की काय झालं होतं? डिस्क गेली, लाइट गेली, का कुणी अपडेट टाकलं आणि सगळं आडवं झालं? हे विचारतोय कारण टँडम ही कंपनी अशीच न थांबणारी मशीन बनवायची (पहिलं १९७६ ला दिलं) आणि तिथल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये ग्राहकांकडच्या सिस्टीम कशामुळे बंद पडल्या ते मोजलं, तर हार्डवेअरचा वाटा १८ टक्के, सॉफ्टवेअरचा २५ आणि सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसांच्या कामाचा ४२! म्हणजे महागड्या मशीननं आपलं काम चोख केलं, उरलं ते बहुतेक माणसांचं आणि सॉफ्टवेअरचं. तुमच्या तीनपैकी दोन घटना अपडेटच्या असतील तर विक्रेत्याचं मशीन त्या दोन्ही वेळा तितक्याच निष्ठेनं बसलं असतं.

आता त्या किमतीत मिळतं काय. अशा बऱ्याच मशीनमध्ये दोन प्रोसेसर एकच सूचना एकाच ठोक्याला चालवतात आणि उत्तरं ताडून बघतात, जुळली नाहीत की ती जोडी बाजूला होते आणि दुसरी जोडी काम पुढे नेते. तुमच्या सॉफ्टवेअरला याचा पत्ताच नसतो, त्यात एक ओळसुद्धा बदलावी लागत नाही. पैसे मोजायचे ते ह्या न बदलण्याचे.

साध्या सर्व्हरमध्ये तोच खर्च गायब होत नाही, तो सॉफ्टवेअरमध्ये आणि तुमच्या त्या मुलाच्या झोपेत जातो. वेबसाइटचा भाग सोपा आहे, पुढे लोड बॅलन्सर (येणारं काम मशीनमध्ये वाटून देणारा) लावा, मागे दोन-तीन मशीन, एक गेलं तर दुसऱ्याकडे पाठवा, झालं. खरी गोची डेटाबेसची. समजा दोन मशीनवर डेटा आहे आणि दोघांमधली केबल तुटली, आता प्रत्येकाला वाटतं समोरचा मेला, दोघंही बुकिंग घेत सुटतात आणि एकच जागा दोघांना विकली जाते. म्हणून बहुमत लागतं, तीनपैकी दोन एकमेकांना दिसत असतील तरच काम चालू. आणि इथे तुमच्या मुलाला एक विचारा, चार का? चारचं बहुमत तीन, म्हणजे चारपैकी एकच गेलेलं चालतं, जे तीनमध्येही चालतं. दोन गेलेले चालायला पाच लागतात. चौथं मशीन डेटाबेससाठी नुसतं वीज खाणार.

मग लोक म्हणतात गूगलनं नाही का केलं? केलं ना, २००३ मध्येच त्यांचं सर्च १५,००० हून जास्त साध्या पीसींवर चालत होतं. पण हिशोब बघा, एक मशीन तीन वर्षांत एकदा बिघडतं धरलं तर हजार मशीनमध्ये साधारण रोज एक बिघडणार. दहापट टिकाऊ मशीन घेतली तरी दहा दिवसांनी एक जाणारच, म्हणजे बिघाड झेलणारं सॉफ्टवेअर लिहावंच लागतं, आणि ते लिहिल्यावर महाग मशीन घ्यायची कशाला? तुम्ही चार घेणार, चार हजार नाही. शिवाय सर्चमध्ये एखादा निकाल इकडचा तिकडे झाला तर कुणाचं बिघडत नाही, बुकिंगमध्ये भांडणं होतात.

माझं मत विचाराल तर आधी ठरवा किती वेळ बंद चालेल. ९९.९ टक्के वेळ चालू हे ऐकायला भारी वाटतं पण वर्षाला पावणेनऊ तास बंद होतात, आणि कित्येक ठिकाणी तेवढं सहज खपतं. दहा-पंधरा मिनिटं चालणार असतील तर दोन चांगली साधी मशीन घ्या, ईसीसी मेमरी (स्वतःच्या लहान चुका स्वतः दुरुस्त करणारी), दोन पॉवर सप्लाय, आरशासारख्या डिस्क (दोन्हीवर तोच डेटा), एकावर डेटाबेस, दुसऱ्यावर त्याची सतत चालणारी कॉपी, आणि पहिलं गेलं की दुसऱ्यावर जायचं ते माणसानं हातानं करायचं, ऑटोमॅटिक नको (वरची केबल आठवा). दोघांची वीज मात्र वेगवेगळ्या लाइनवरून घ्या. महागडं मशीन कुणी घ्यावं? ज्यांचं सॉफ्टवेअर जुनं आहे, बदलता येत नाही, रात्री उठवायला माणूस नाही आणि मिनिटभरही थांबून चालत नाही. असे असतात आणि त्यांना ते स्वस्तच पडतं.

अजून एक, मशीन दोन असोत की चार, सगळ्यांवर एकच अपडेट एकाच वेळी टाकू नका, त्यात चूक असेल तर सगळी एकदम बसतील. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटमध्ये दिशा सांगणारी दोन युनिट होती, एक मुख्य आणि एक राखीव, दोन्हीत तेच सॉफ्टवेअर. एक आकडा त्याला ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही, आधी राखीव बंद पडलं आणि ७२ मिलिसेकंदांत त्याच कारणानं मुख्यही. उड्डाणानंतर मिनिटभरही झालं नव्हतं, रॉकेट गेलं.

प्रश्न : आमच्याकडे रेड आहे, दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो. मग वेगळा बॅकअप कशाला?

उत्तर : कारण चुकून डिलीट केलेली फाइलसुद्धा दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. बॅकअप घ्या, दुसऱ्या इमारतीत ठेवा.

प्रश्न : स्टँडबाय म्हणजे राखीव सर्व्हर घेऊन ठेवलाय. वेळ आली तर चालेल ना?

उत्तर : मी पूर्वी जिथे काम करायचो तिथेही असाच एक होता, हिरवा दिवा लागलेला, सगळे निश्चिंत. मुख्य सर्व्हर गेला तेव्हा कळलं की त्याच्याकडे कॉपी येणं कित्येक महिन्यांपूर्वीच थांबलंय, डिस्क भरली होती आणि इशाऱ्याचे मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होते. ह्या रविवारी, सगळ्यांना आधी सांगून, मुख्य सर्व्हरची वायर काढा आणि बघा काय होतं ते.