धर्मशाळेला सिमेंट मारू का?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. गावात जुनी धर्मशाळा आहे, जांभ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, वर कौलं, लई वर्षं बंदच आहे. आम्ही पोरांनी ठरवलंय की तिथं वाचनालय करायचं आणि बचतगटाच्या बायकांना बसायला जागा. पण भिंती खालून कमरेएवढ्या ओल्या, गिलावा पडालाय. गवंडी म्हणतोय सगळं खरवडून सिमेंट मारूया, कौलं काढून स्लॅब टाकूया. काय करू?

उत्तर : आधी गवंड्याला थांबवा दादा. मागच्या वर्षी एका जुन्या वाड्याचा सिमेंटचा गिलावा काढताना मी तिथं उभी होते, वरून ठणठणीत कोरडा आणि मागचा जांभा नखानं उकरला तर ओला भुगा हातात, बघून पोटात कालवलं माझ्या. जांभा पाणी ओढतो, चुना ते हळूहळू बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही, मग ओल आत कोंडते आणि तिच्याबरोबर आलेला खार दगडच फोडतो.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. रस्ता दरवेळी डांबर टाकून उंच झालाय काय, माती जोत्यावर चढलीय काय, पागोळ्या भिंतीच्या बुडातच पडतात काय, बघा. माती उपसा, पन्हळ लावा, पाणी लांब काढा आणि भिंत एक उन्हाळाभर वाळू द्या, घाई करू नका, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

मग चुना. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवताना पाणी अक्षरशः उकळतं, डोळ्यांना चष्मा लावा, लहान पोरं लांब. महिनाभर तरी मुरू द्या, मग एकाला तीन वाळू, ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड, पातळ थर, वर ओली पोती.

स्लॅब नकोच, तेवढं वजन त्या भिंतींवर कशाला घालायचं? खानापूर म्हणजे कौलांचंच गाव, फुटलेली तेवढी बदला, वाशांची भिंतीतली टोकं मात्र ठोकून बघा, वाळवी तिथंच लागते.

आणि कागद. जागा कुणाच्या नावावर आहे तो उतारा काढा, कन्नडमधला असला तर नीट वाचून घ्या, पंचायतीचा ठराव करा. केंद्राचं संरक्षित स्मारक 100 मीटरच्या आत असेल तर डागडुजीलाही परवानगी लागते, त्यापुढच्या 200 मीटरमध्येसुद्धा.

आधी मागच्या भिंतीवर हातभर जागेत चुना लावून बघा, पावसाळ्यानंतर फोटो पाठवा, मी वाट बघते.