आधी थांबू दे, मग चकाकू दे

प्रश्न : काका, शेजारच्या आजींच्या शेडमध्ये १९७० ची प्लिमथ डस्टर २३ वर्षं उभी होती. ३१८ क्यूबिक इंचांचं इंजिन. आजोबा गेल्यावर त्यांनी ती मला नाममात्र पैशांत दिली. मागच्या चाकांवरचा पत्रा सडलाय, डिकीच्या तळाला भोक आहे, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय आणि इंजिन फिरत नाही. वर्षभरात मिळून सहा हजार डॉलर खर्च करू शकतो. बेत असा : गाडी पूर्ण सुटी करायची, बॉडी सँडब्लास्टिंग करून रंगवून घ्यायची आणि मग निवांत जोडायची. सुरुवात बरोबर आहे ना? आणि मित्र म्हणतात, ३१८ म्हणजे खरी मसल कारच (ताकदवान इंजिनाची वेगवान गाडी) नव्हे.
— एक वाचक, ओहायो

उत्तर : नाही, बरोबर नाही. हातातला पाना खाली ठेवा.

‘मग निवांत जोडू’ म्हणणाऱ्या एका गृहस्थाकडूनच मी माझी १९६९ ची डॉज डार्ट घेतली. ती अकरा खोक्यांतून आली. नटबोल्ट कॉफीच्या डब्यांत, एकावरही चिठ्ठी नाही. कुठला बोल्ट कुठला हे लावण्यातच माझे दोन हिवाळे गेले. शेडमध्ये उभी आहे तोवर ती गाडी आहे, सुटी केलीत की भंगार. आणि चांगल्या ठिकाणी रंगवायला दिलीत, तर तुमचे सहा हजार तिथेच संपतील. सपाट पत्र्यावर जोरात वाळू मारली तर तो पापडासारखा वाकतो, ते वेगळंच.

आधी गाडी जगवण्यासारखी आहे का ते पाहा. मागचा पत्रा आणि डिकी डोळ्यांना खुपतात, पण ते तुकडे नवे मिळतात, वेल्डिंगने बसतात. खरी भीती पुढे आहे. बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. ते पुढच्या चाकांमागून बाहेर पडलं तर ठीक, पायांपाशी ठिबकलं तर आतला पत्रा गेलाय आणि ते काम किचकट असतं. मग गाडी स्टँडवर घेऊन पुढच्या सीटखालचा आडवा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारची (स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब दांड्यांची) मागची टोकं त्यातच अडकवलेली असतात. तिथे स्क्रूड्रायव्हर आत शिरला, तर या पैशांत गाडी उभी राहायची नाही. बाहेरच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

इथपर्यंत पास झाली, तर पहिला खर्च ब्रेकवर. चाकं काढताना एक सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या काळच्या क्रायस्लरच्या (प्लिमथ, डॉज त्याच कंपनीच्या) गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. मी नेहमीच्या दिशेने नट सोडवत होतो, हलेना म्हणून लांब टॉमी लावली आणि दोन स्टड तोडले. तिसऱ्याच्या टोकाला ‘एल’ कोरलेलं दिसलं, तेव्हा उजेड पडला. डस्टरचे चारही ब्रेक ड्रमचे असतील. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि तिन्ही रबरी पाइप बदला, लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याही. ड्रममधल्या धुळीवर हवा मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तुमच्यावर तीनच असले, तर टायर २००० च्या आधीचे. चार असले तरी जुनेच. ते फेकाच.

इंजिन ‘फिरत नाही’ म्हणजे मेलं असं नाही. स्टार्टरला मात्र हात लावू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) यांचं मिश्रण थोडं थोडं सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हळूच मागेपुढे करा. माझं नवव्या दिवशी केसभर हललं, आणि मी बायकोला जेवणावरून उठवून आणलं. (ती म्हणाली, “कुठे हललं?”) सुटलं की ऑइल बदला, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) आणि त्याखालचा गिअर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, म्हणजे इंजिन पहिल्यांदा सुरू होण्याआधी तेल सगळीकडे पोचेल. टाकीतलं जुनं पेट्रोल व्हार्निश झालेलं असणार. टाकी उतरवा आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या टाका. जुन्या रबराला आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल सोसत नाही.

वायरिंगमध्ये एकच जागा आधी बघा. चार्जिंगचा सगळा करंट फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) कनेक्टरमधून डॅशबोर्डच्या ॲमीटरपर्यंत (करंट दाखवणाऱ्या काट्यापर्यंत) जाऊन परत येतो. तिथली गंजलेली पिन तापते, प्लॅस्टिक वितळतं, कधी गाडीही पेटते. बॅटरी जोडण्याआधी तो कनेक्टर उघडून बघा.

मित्रांचं म्हणाल, तर त्यांना ३४० हवं असतं : २७५ अश्वशक्ती, आणि किंमतही तशीच. ३१८ कागदावर २३०, पण १९६७ पासून पुढे वीसेक वर्षं हे इंजिन बनत राहिलं, त्यामुळे सुटे भाग कुठेही आणि स्वस्तात मिळतात. तुमच्या बजेटला याहून चांगलं इंजिन मला सुचत नाही. ज्यांना हसायचंय त्यांना सिग्नलवर हसू द्या.

रंगाचा विचार पुढच्या वर्षी. तोवर सडलेला पत्रा कापून नवा बसवा, त्यावर प्रायमर मारा आणि डागाळलेलीच गाडी चालवा. रंगवाल तेव्हा बॉनेटखाली डाव्या बाजूच्या छोट्या पत्र्याच्या पट्टीवर मूळ रंगाचा कोड मिळेल. तोच ठेवा. रंग बदलायचा म्हणजे दारांच्या कडा, डिकी, इंजिनची जागा, सगळंच आतून रंगवावं लागतं. आणि उंदरांची सीट काढताना मास्क लावा, कोरडं झाडू नका, आधी जंतुनाशकाने भिजवा. माझ्या सीटमध्ये आधीच्या मालकाची गाडीची किल्ली सापडली होती. तुम्हीही एकदा चाचपून बघा.