पदवीच्या दुसऱ्या वर्षी मानसशास्त्रात संशोधनाचा अनुभव कसा मिळवावा? लॅबमधली ‘नुसती डेटा एंट्री’ त्यात धरतात का?

पाच प्राध्यापकांना मेल पाठवली, एकाचंही उत्तर नाही. एका लॅबने बोलावलं, पण काम ‘नुसती डेटा एंट्री’. आणि मित्र म्हणतात, तिथे वेळ घालवू नका, ऑनलाइन फॉर्म फिरवा, स्वतःचा सर्व्हे करा आणि पेपर छापून मोकळे व्हा. तुमचा प्रश्न मला एवढा समजला. मेलचं पुढे सांगते. मी अडले ती ‘नुसती’ या शब्दाशी.

लॅबमध्ये जा. आजच होकार कळवा.

मोजमाप बिघडतं ते अनेकदा एंट्रीच्या टेबलावर, आणि तिथे बिघडलेलं पुढे कुठल्याही आलेखात दिसत नाही. रोझेनबर्गची आत्मसन्मान मापनी घ्या. १९६५ची, दहा विधानांची. त्यातली पाच विधानं उलट अर्थाची आहेत, म्हणून त्यांचे गुण उलटवावे लागतात: उत्तरं १ ते ४ असतील तर ५ वजा उत्तर, ० ते ३ असतील तर ३ वजा उत्तर. गोची अशी होते की फॉर्म बनवणाऱ्याने पर्यायांना गुण देतानाच ते उलटवलेले असतात आणि विश्लेषण करणारा पुन्हा एकदा उलटवतो. पाचही विधानं परत चुकीच्या दिशेला जातात. क्रोनबाखचा अल्फा (मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कोसळतो, कधी ऋणसुद्धा येतो, आणि नवखा माणूस मापनीलाच नावं ठेवतो. उपाय साधा आहे. मूळ उत्तरांच्या कच्च्या स्तंभाला हात लावायचा नाही, उलटवलेल्या गुणांसाठी वेगळा स्तंभ करायचा, आणि पहिल्या पाच सहभागींची बेरीज कागदावर हाताने करून पडताळायची.

दुसरी चूक ९९ची. उत्तर दिलं नसेल तर तिथे ९९ टाकायची जुनी पद्धत आहे. सॉफ्टवेअरला हा ‘उत्तर नाही’चा कोड आहे हे सांगायला विसरलात तर काय होतं पाहा. २०० सहभागी, १ ते ५ची मापनी, खरी सरासरी ३. त्यात फक्त तिघांच्या रकान्यात ९९ राहिलं तर सरासरी ४.४४ येते. हा आकडा ५च्या आत आहे, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. म्हणून विश्लेषणाला हात घालण्याआधी प्रत्येक स्तंभाची किमान आणि कमाल किंमत बघायची. वयोगट ‘१०-१२’ असा टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो, हेही इथेच सापडतं. कागदी प्रश्नावल्या असतील तर दोघांनी स्वतंत्रपणे एंट्री करून दोन्ही फायली ताडून बघणं सर्वांत खात्रीचं.

हे ज्याला येतं त्याच्याकडे मी पुढचं काम डोळे झाकून देते. पुढचं म्हणजे बहुधा कोडिंग: मुलाखतींचे उतारे किंवा व्हिडिओ बघून कोडबुकाप्रमाणे, म्हणजे कशाला कोणती खूण द्यायची याच्या लेखी व्याख्यांप्रमाणे, खुणा करायच्या. नवे विद्यार्थी टक्केवारीवर खूश असतात, ‘आमचं ८८ टक्के जुळतंय’. समजा १०० तुकडे आहेत आणि एखादं वर्तन क्वचितच दिसतं. दोघांनीही दहा-दहा तुकड्यांवर ‘आहे’ अशी खूण केली, त्यातले फक्त चार सामाईक. ८४ तुकड्यांवर दोघंही ‘नाही’ म्हणाले. एकमत ८८ टक्के झालं खरं, पण निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के जुळलं असतं. कोहेनचा कप्पा (kappa), म्हणजे योगायोगाचा वाटा वजा करून उरलेल्या एकमताचं माप, काढला तर हाती येतो ०.३३. तो सहसा निदान ०.६ तरी हवा, ०.८च्या वर असेल तर उत्तम. मग दोघांनी बसून न जुळलेले बारा तुकडे पुन्हा बघायचे, व्याख्या कुठे सैल आहे ते शोधायचं, कोडबुकात ‘हे धरायचं’, ‘हे धरायचं नाही’ अशी उदाहरणं लिहायची आणि नव्या तुकड्यांवर कप्पा पुन्हा काढायचा. जुन्याच तुकड्यांवर काढला तर तो फुगतो, कारण त्यांची उत्तरं आता दोघांनी मिळून ठरवलेली असतात. एखादी संकल्पना मोजण्याजोगी कशी होते, हे या बैठकांत जेवढं कळतं तेवढं संशोधनपद्धतीच्या पेपराचा अभ्यास करून कळत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याचं मत याच्या अगदी उलट आहे. एंट्री ही हमाली, विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःचा प्रश्न घेऊन उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं. या मुद्द्यावर आमचं आजवर जमलेलं नाही. तुमच्या मित्रांचा सल्ला तोच आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

स्वतःच्या सर्व्हेत पहिल्यांदा घेतली जाते ती नैराश्याची प्रश्नावली, कारण पीएचक्यू-९ सहज मिळते: नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्मवर रात्री दोन वाजता कुणी तिथे ३ भरले तर तुम्ही काय करणार? नाव नाही, नंबर नाही, आणि फॉर्म उघडून बघणार चार दिवसांनी. नीट देखरेख असेल तर हे आधी ठरतं: तो प्रश्न ठेवायचा की गाळून आठ प्रश्नांची आवृत्ती वापरायची, ठेवला तर उत्तरं कोण बघणार आणि किती तासांत, फॉर्मच्या शेवटी मदतीची कोणती माहिती सगळ्यांनाच दाखवायची. नीतिसमितीची मंजुरी याचसाठी असते आणि ती डेटा गोळा करण्याआधी घ्यावी लागते. फॉर्म फिरवून झाल्यावर मागायला गेलात तर तो डेटा बाद धरा. ‘देखरेखीखाली’ या शब्दाचा मला कळणारा अर्थ एवढाच: तुमची चूक सहभागी माणसाला भोगावी लागण्याआधी ती कुणाच्या तरी नजरेला पडते.

आणि नमुन्याचा आकार. दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे कोहेनचा डी (गटांच्या सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत) ०.५, ८० टक्के शक्यतेने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक लहान असेल, डी ०.२, तर प्रत्येक गटात जवळजवळ ४००. मित्रमैत्रिणींकडून भरून घेतलेल्या साठ फॉर्ममधून काहीतरी ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये असं, निघतं ते बहुधा वीस परीक्षणं करून बघितल्यामुळे. २०१५ साली शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम सिग्निफिकंट होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांतच तसा आला. न टिकणाऱ्या निष्कर्षांची ती यादी तुम्ही आणखी लांबवायची गरज नाही. स्वतःचं काहीतरी करायचंच असेल तर एखाद्या प्रकाशित प्रयोगाची पुनरावृत्ती करा. कोलॅबरेटिव्ह रेप्लिकेशन्स अँड एज्युकेशन प्रोजेक्ट हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. त्यासाठीही मार्गदर्शक लागतोच.

माझ्या त्या सहकाऱ्याचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. आपण भरतोय तो आकडा कुठल्या प्रश्नासाठी, हे विद्यार्थ्याला कळलंच पाहिजे. पण तुम्ही कोडिंग करत असाल तर परिकल्पना (अभ्यासातून काय निघेल याचा अंदाज) आणि सहभागी कोणत्या गटातला, हे मुद्दाम लपवलेलं असतं, नाहीतर तुम्हाला तेच दिसू लागतं. त्याचा राग मानू नका. कोडिंग संपल्यावर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आता मेल. दीडशे शब्दांच्या वर नको. त्या प्राध्यापकांचा एक पेपर पद्धतीच्या भागासकट वाचा आणि त्यावर एक खरा प्रश्न विचारा. आठवड्याला किती तास देऊ शकता (सहा ते आठ पुरेत), किती महिने टिकाल, आर किंवा जामोवी ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर येतात का, एवढं लिहा. ‘मला मनाचं आकर्षण आहे’ हे वाक्य काढा. दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा, त्यानंतर त्याच लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्यांना लिहा. एंट्रीला आणि कोडिंगला माणसं त्यांनाच हवी असतात.

एवढं सगळं लॅबच्या बाजूने लिहिलं तरी फुकट राबवून घेणाऱ्या लॅबही असतात, हे खरं आहे. होकार देताना विचारून घ्या: माझं काम कोण तपासणार, लॅबच्या बैठकीला बसता येईल का, तीन महिन्यांनी पुढचं काम मिळेल का. तीन महिन्यांनंतरही तुमची एक फाईलसुद्धा कुणी उघडून बघितलेली नसेल तर तिथून निघा. पेपरवर नावाची अपेक्षा निव्वळ एंट्रीसाठी धरू नका. आभारात उल्लेख होतो आणि तो रास्त आहे. लेखकांत नाव हवं असेल तर रचना, विश्लेषण किंवा लेखन यांत वाटा लागतो, आणि तो कसा मिळेल हे काम सुरू करतानाच बोलून ठेवावं लागतं. शिफारसपत्र मागायच्या वेळी तुमच्या कामाची यादी स्वतः करून द्या: किती प्रश्नावल्या, किती तास कोडिंग, कप्पा किती आला, कोडबुकातली कोणती व्याख्या तुमच्या शंकेमुळे बदलली.