कारमध्ये ब्लूटूथवर फोनवर नीट बोलता येतं, पण गाणी वाजत नाहीत. स्टिरिओ बदलावा लागेल का?

अजिबात नाही. स्टिरिओ बदला म्हणून जो कोणी तुमच्या मागे लागलाय, तो आमच्या मेहुण्याचा दूरचा नातेवाईक असणार.

माझ्या गाडीत हेच झालं होतं. फोन आला की समोरच्याचा आवाज खणखणीत. गाणं लावलं की गाडीचे स्पीकर ढिम्म, आणि गाणं खिशातल्या फोनमधूनच किणकिणतंय. स्क्रीनवर मात्र फोन जोडलेलाच दिसायचा. मेहुणा शेजारच्या सीटवर. त्याने दोन बटणं दाबली आणि निकाल दिला, "दाजी, हेडयुनिट गेलं." हेडयुनिट म्हणजे स्टिरिओच. मी म्हणत होतो, अरे, त्याच स्पीकरमधून कॉल ऐकू येतोय ना! पण साहेब ऐकतात कुठे. वायर बघू म्हणून त्याने डॅशबोर्डची पट्टी उचकटली, त्यात एक क्लिप तुटली. अजूनही खड्ड्यातून गाडी गेली की तिथे कटकट वाजतं.

शेवटी वैतागून फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढचं चक्र दाबलं. आत दोन वेगळी बटणं: फोन कॉल चालू, मीडिया ऑडिओ बंद! कॉल एचएफपी नावाच्या वाटेने जातात, गाणी ए२डीपीने. एक वाट बंद असली तरी दुसरी चालू राहते. बटण सरकवलं आणि गाणं सुरू.

ते बंद केलं कोणी? आदल्या सहलीत मेहुण्याच्या फोनवरची गाणी लावली होती आणि माझ्या फोनचं टिंगटिंग मध्ये येत होतं, तेव्हा याच महाशयांनी. आजही म्हणतो, "मी फक्त नोटिफिकेशन बंद केलं होतं."

हे सगळं अँड्रॉइडचं हं. आयफोनमध्ये हे बटण नाही; तिथे कंट्रोल सेंटरमधून आवाज कुठे जातोय ते बघा. तरी नाही जमलं तर फोनमधून गाडी आणि गाडीतून फोन, दोन्हीकडची नोंद पुसून नव्याने जोडा. एकाच बाजूची पुसून बरेचदा भागत नाही. आणि तुमची गाणी सुरू होऊन तुटत असतील तर तो वेगळा आजार. फोनचा बॅटरी सेव्हर गाण्याच्या अ‍ॅपचा गळा दाबत असेल, नाहीतर डॅशकॅमचं, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याचं, वायफाय ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झवर घुसत असेल.

केबल लावा म्हणणारेही भेटतील. ब्लूटूथवर गाणं दाबून, म्हणजे त्यातला थोडा तपशील गाळून, पाठवलं जातं, हे मेहुण्याचं म्हणणं खरं आहे. पण टायरच्या घरघरीत त्याला तो फरक कळतो? डोळे बांधून ओळखून दाखव म्हटलं, तर म्हणे आज सर्दी झालीये.